वर्षभर शाळेबाहेर पडायचं ठरवलंत तर

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. मध्यंतरी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष बिनपगारी रजा घेतली आणि त्यातला ऊसतोडीचा हंगाम तोडकऱ्यांच्या मुलांसोबत काढला. परत रुजू झाल्यापासून ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या शिक्षकांचे फोन येत असतात. "बाई, मला पण थोडं थांबायचंय. तुम्ही कसं जमवलंत?" विचारणाऱ्या बहुतेक जणी चाळिशी ओलांडलेल्या, पंधरा-वीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या. सर मंडळी जरा संकोचाने विचारतात, पण विचारतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

माझं मत आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. नुसत्या विश्रांतीने शिक्षक ताजा होत नाही. मे महिन्याची सुट्टी आपण दरवर्षी घेतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पोटात गोळा यायचा तो येतोच. मला सावरलं ते शिकवण्यानेच, फक्त त्या शिकवण्याला हजेरीपट, घटक चाचणी आणि पोर्टल चिकटलेलं नव्हतं. तेव्हा रजा घ्या, पण मुलांपासून लांब जाण्यासाठी घेऊ नका.

कशाने थकलात ते वहीत उतरवा

अर्ज लिहायच्या आधी पंधरा दिवस एक वही ठेवा. रोज रात्री त्या दिवसाचे तास आठवायचे आणि प्रत्येकापुढे लिहायचं: या तासाने काही दिलं की काढून घेतलं? मी हे केलं तेव्हा मला वाटत होतं की नववीचा मोठा वर्गच मला जड जातोय. वहीत वेगळंच निघालं. तासांपुढे बहुतेक "बरं गेलं" लिहिलेलं. जीव खाणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच होत्या. यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीची माहिती, सरल या विद्यार्थ्यांच्या पोर्टलवर आधार न जुळणारी नावं, दुपारी दोनला ग्रुपवर येणारं "आजच्या आज पाठवा", मतदार यादीचं काम, एकच आकडेवारी तीन वेगवेगळ्या तक्त्यांत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडली तर शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. कलम आहे आणि रोजचा दिवस आहे, या दोहोंतलं अंतर प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

ही वही महत्त्वाची, कारण रजेत काय करायचं ते तीच सांगते. तुमच्या वहीत मुलांचा गोंगाट, सततचं बोलणं, घशाचं दुखणं हेच पुन्हा पुन्हा येत असेल तर माझ्यासारखं पन्नास मुलांच्या घोळक्यात जाऊ नका. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणं, गावातल्या वाचनालयात बालविभाग लावून देणं, एखाद्याच मुलाला वर्षभर वाचायला शिकवणं, अशी शांत कामं तुमच्यासाठी आहेत. आणि झोप लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, विनाकारण रडू येतं असं कित्येक आठवडे चाललं असेल तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. सेवाकार्य हा त्यावरचा इलाज नाही, आणि तशा अवस्थेत कोणाच्या मुलांची जबाबदारी घेणं त्या मुलांवरही अन्याय आहे.

पैशाचं गणित

बिनपगारी म्हणजे शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीमधून त्या महिन्यांचं बिल निघणारच नाही. आपल्याला हातात येणारा पगार पाठ असतो, कपाती पाठ नसतात. पगारपत्रक काढा आणि एकेक कपात वाचा. पतसंस्थेचा हप्ता, एलआयसी, गटविमा, गृहकर्ज, सगळं पगारातून परस्पर जात होतं. रजेत हे थांबत नाही, स्वतः जाऊन भरावं लागतं. पतसंस्थेला आधीच पत्र द्या, नाहीतर तुमच्या जामीनदाराला नोटीस जाते, आणि जामीनदार म्हणजे स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवर बसणारी मैत्रीण. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांचं अंशदायी पेन्शन आहे. पगार नाही त्या महिन्यात त्यांची कपात होत नाही आणि शासनाचा हिस्साही जमा होत नाही. तेवढी पुंजी कमी होणार हे धरून चाला.

आम्ही घरी असं केलं: रजेच्या आधीचं पूर्ण वर्ष एकाच पगारावर, म्हणजे ह्यांच्या पगारावर घर चालवलं. माझा पगार वेगळ्या खात्यात. यातून पैसे साठले, आणि एका पगारात घर चालतं की नाही याची परीक्षाही झाली. मुलाच्या क्लासची फी आणि घरातलं एक लग्न यांनी ओढाताण झाली, पण ती रजेच्या आधी झाली हे बरं. तुम्ही एकट्या कमावत्या असाल तर पूर्ण वर्षाच्या मागे लागू नका. दिवाळीची सुट्टी जोडून एका सत्राची रजा घ्या. ऊसतोडीचा हंगाम बराचसा त्यात बसतो.

रजेचा अर्ज

खाजगी अनुदानित शाळेतल्या आपल्यासारख्यांना महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, १९८१ लागू आहे. तिच्यातला नियम १६ रजेचा. तो एकदा स्वतः वाचा, क्लार्कच्या तोंडून ऐकू नका. शिल्लक अर्धपगारी रजा किती आहे ते सेवापुस्तकातून काढून घ्या. वर्षाला २० दिवस या हिशोबाने ती साठत जाते आणि बऱ्याच जणींना तिचा पत्ताच नसतो. सुरुवातीचे काही महिने अर्धपगारी आणि पुढे बिनपगारी असं जोडता आलं तर घराला मोठा आधार होतो.

रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करून घ्यावी लागते. जूनपासून हवी असेल तर डिसेंबरात मुख्याध्यापकांशी बोला आणि जानेवारीत लेखी द्या. तोंडी "जा हो बाई, काही होत नाही" यावर एक दिवससुद्धा जाऊ नका. अर्जाची आवक नंबर टाकलेली प्रत, शाळा समितीचा ठराव, शिक्षणाधिकारी कार्यालयाचं पत्र, हे तिन्ही कागद फाइलला लागल्याशिवाय शाळेच्या चाव्या परत करू नका. मंजुरीविना गैरहजेरी म्हणजे सेवाखंडाचा धोका, आणि त्याची किंमत निवृत्तीच्या वेळी मोजावी लागते. वेतनवाढीची तारीख पुढे जाते का, पेन्शनसाठी हा काळ धरला जातो का, हे प्रश्न त्याच वेळी लेखी विचारून उत्तर लेखी घ्या.

अर्जात कारण खरं लिहा. मी लिहिलं होतं: "ऊसतोड कामगारांच्या पाल्यांसाठी विनामूल्य शैक्षणिक काम करण्याकरिता." खाली एक ओळ: या काळात कोणतंही वेतन अथवा मानधन घेणार नाही. ही ओळ फार कामाची आहे, कारण रजेवर असताना दुसरीकडे नोकरी केल्याची तक्रार कोणीही करू शकतं. संस्थेकडून प्रवासखर्च घेणार असाल तर तेही नमूद करा.

दहावीचा वर्ग कोणाच्या हवाली करणार हे मुख्याध्यापकांनी विचारायच्या आधी तुम्हीच सुचवा. माझ्याकडे वर्षाचं नियोजन, सरावसंच, कोणत्या मुलाचं कुठे अडतं याची टिपणं तयार होती. तासिका तत्त्वावर आलेल्या मुलीला मी ती समोर बसून समजावून दिली. रजा मंजूर व्हायला याचा जितका उपयोग झाला तितका नियमांचाही झाला नसेल.

गावात चर्चा होणारच. "बाईंना काढलं का?" "काही चौकशी लागली का?" माझ्या सासूबाईंना देवळात विचारलं गेलं. घरच्यांना एक वाक्य देऊन ठेवा: "रजा घेतलीय, ऊसतोडीच्या पोरांना शिकवते." त्यापुढे खुलासा करायचा नाही.

पहिले दोन महिने

काही करू नका. शाळेचे ग्रुप सोडा, नुसते म्यूट करू नका. शाळा उघडते त्या आठवड्यात गावात थांबू नका, बहिणीकडे जा. घशाला खरंच विश्रांती द्या. वीस वर्षं वरच्या पट्टीत बोलल्यावर आवाजाला काय झालंय ते गप्प बसल्यावरच कळतं. मला शांत आवाजात बोलायची सवय परत लागायला श्रावण उजाडला. पुढे तोडकऱ्यांच्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर बसून शिकवताना तोच आवाज उपयोगी पडला.

जागा कशी निवडायची

आपल्याकडे काम करणारी माणसं पुष्कळ आहेत. डोअर स्टेप स्कूल १९८८ पासून मुंबईत आणि पुढे पुण्यातही वस्त्यांतल्या, बांधकामांवरच्या मुलांसाठी काम करतं. भामरागड तालुक्यात हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा १९७६ पासून चालू आहे. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था प्रारंभिक वाचन-लेखनावर जे काम करते ते प्रत्येक भाषाशिक्षकाने पाहावं असं आहे. मुंबईत रात्रशाळा आहेत, तिथे दिवसभर काम करून आलेली मुलं बसतात आणि गणित-इंग्रजीला माणसं हवी असतात. पूर्ण वर्ष जमणार नसेल तर मे महिन्यात मूल तालुक्यात सोमनाथला आनंदवनची श्रमसंस्कार छावणी असते. तिथे शिकवायचं काहीच नाही, घाम गाळायचा, आणि काहींना नेमकं तेच हवं असतं.

पण लांबच्या मोठ्या नावाने भुलू नका. मी स्वतःला तीन प्रश्न विचारले. मी गेल्यानंतर हे काम चालू राहील का? म्हणजे तिथे आधीपासून कोणी रोजचं काम करतंय का? मला घरून रोज जाऊन-येऊन जमेल का? आणि मला जे येतं त्याच्या जवळचं, पण तेच नसलेलं काम आहे का? दहावीच्या गणिताच्या बाईने परत दहावीचे मोफत क्लास घेतले तर ती शाळाच झाली, पगार तेवढा गेला. मला अक्षर न ओळखणारी मुलं कधी शिकवायला मिळाली नव्हती. ती माझ्या घरापासून तीन-चार किलोमीटरवर, कारखान्याच्या रस्त्याला, दर हंगामात येत होती.

संस्थेशी बोलताना "मी काय करू शकते" याआधी "तुम्हाला काय कमी पडतंय" हे विचारा. आमच्या तालुक्यातल्या छोट्या संस्थेच्या ताईने मला सांगितलं, "शिकवायला येणारे पुष्कळ येतात, बाई. दोन आठवड्यांनी दिसत नाहीत. मला आठवड्यातले पाच दिवस ठरलेल्या वेळेला येणारं माणूस पाहिजे." तेवढंच मी कबूल केलं. चांगली संस्था तुमच्याकडे चारित्र्य पडताळणीचा दाखला मागेल. त्यात अपमान वाटून घेऊ नका, अर्ज पोलिसांच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन करता येतो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याची माहिती करून घ्या. मुलांसोबत एकटं बंद खोलीत बसायचं नाही, मुलांचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत, मग ते कितीही गोड असोत.

तळावर

आता मुख्य गोष्ट. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, परभणीकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळच्या तळावर उतरतात, ट्रॅक्टरवाल्या गावोगावच्या माळावर. पाचट, बांबू, ताडपत्री यांची कोपी. माणसं अंधार असतानाच फडात जातात, आणि गाडी भरेपर्यंत परत येत नाहीत. दिवसभर तळावर उरतात ती म्हातारी माणसं आणि मुलं. आठ-दहा वर्षांच्या पोरी पाणी भरतात, भाकरी करतात, धाकट्याला कडेवर घेऊन फिरतात.

पहिले चार-सहा दिवस शिकवू नका. पिशवीत खडू असला तरी बाहेर काढू नका. फक्त बसा आणि दिवस कसा जातो ते पाहा. मला त्यातून वर्गाची वेळ मिळाली. सकाळी दहाची वेळ संस्थेने सोयीची म्हणून धरली होती, तेव्हा पोरी हापशावर असायच्या. अकरा ते एक ही वेळ त्यांची स्वतःची होती. धाकट्यांना घेऊन येऊ दिलं तरच मोठ्या येणार हेही तेव्हाच कळलं. म्हणून घरून दोन वाकळा नेल्या, त्यावर तान्ही झोपायची आणि शेजारी वर्ग चालायचा. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात शाळा नेली होती. मी हे डी.एड.च्या पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलं होतं. मुलाच्या कामाच्या वेळेला मान देऊन मग शाळेची वेळ ठरवायची, हा त्यातला कणा मला तळावर समजला.

मग गट पाडा, पण इयत्तेने नाही. "कितवीला आहेस?" या प्रश्नाला तळावर अर्थ नाही. कोणी चौथीच्या पटावर असतं आणि दर वर्षी निम्मं वर्ष बाहेर असतं. एका कागदावर थोडी अक्षरं, थोडे साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट लिहा. मूल जिथपर्यंत वाचेल तो त्याचा गट. असर या गावोगावच्या शैक्षणिक पाहणीत मुलांचं वाचन असंच तपासतात. मुलाला एकेकटं, इतरांपासून जरा लांब बसवून तपासा, नाहीतर आजूबाजूची उत्तरं फुटतात आणि न येणाऱ्याला लाज वाटते.

अक्षरगटाला बाराखडीपासून सुरुवात करू नका. मी जे केलं ते सांगते. दहाएक वर्षांची एक मुलगी, कडेवर भाऊ, बोलायला एकदम तयार, पण पाटी पुढे केली की मान खाली. तिला म्हटलं, "काल काय झालं ते सांग, मी लिहिते." ती म्हणाली, "राती आमचा बैल सुटला." मी तेच शब्द, तिच्याच बोलीत, मोठ्या अक्षरांत कागदाच्या पट्टीवर लिहिले आणि शब्दाखाली बोट सरकवत वाचले. मग तिने वाचलं. अर्थात पाठच होतं ते. मग पट्टीचे चार तुकडे केले, राती, आमचा, बैल, सुटला, आणि विस्कटून दिले. तिने जुळवले. मग "बैल" उचलून विचारलं, "यातला बै आणखी कशात?" "बैठक," लगेच उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी तिने दोन वाक्यं सांगितली. संक्रांतीपर्यंत तिच्याकडे तिने सांगितलेल्या वाक्यांचं, सुईदोऱ्याने शिवलेलं स्वतःचं पुस्तक होतं, आणि ते ती धाकट्यांना वाचून दाखवत होती. "राती" चं "रात्री" मी केलं नाही. ते पुढे शाळेत होईल. लमाण तांड्यावरच्या मुलांना घरी गोरमाटी आणि शाळेत मराठी असतं, त्यांना तर आधी त्यांच्या भाषेत सांगू द्यायचं, मोठं भावंड मराठीत सांगतं, मग लिहायचं. वाचायला लागलेल्यांसाठी स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, छापून नेता येतात.

गणितात तर मीच विद्यार्थी झाले. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा, फडात जाणारा, खाडा पडला, म्हणजे कामाचा दिवस बुडाला, की तळावर असायचा. त्याला उदाहरण घातलं: उचल ६०,००० रुपये, हिशोबाला सोपा म्हणून टनाला ३५० रुपये दर, जोडी रोज दोन टन तोडते. किती दिवसांत फिटेल? माझ्या डोक्यात ६०,००० भागिले ७०० ची मांडणी तयार. त्याने कागद घेतलाच नाही. "धा दिवसाला सात हजार. ऐंशी दिवसाला छप्पन हजार. ऱ्हायले चार हजार. पाच दिवसाला साडेतीन हजार. पाचशे ऱ्हायले, त्याला आणिक एक दिवस. शहाऐंशी." थांबून म्हणाला, "खाडं सोडून."

मी इतकी वर्षं भागाकार शिकवते. भागाकार म्हणजे सोयीचे गठ्ठे काढत जाणं, हे मी नववीतल्या कच्च्या मुलांना कधी इतकं स्वच्छ दाखवलं नव्हतं. "भाग जातो का बघ, वरचा अंक खाली घे" एवढंच सांगत आले. त्या दुपारी घरी जाताना मला पुन्हा वर्गात उभं राहावंसं वाटलं, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा. तुमच्या बाबतीत ती दुपार कोणती असेल सांगता येणार नाही, पण ती यायला जागा ठेवा. रोज पाठनियोजनातला प्रत्येक मिनिट भरून टाकलात तर मूल स्वतःची रीत दाखवणार कधी?

त्या मुलाला हिशोब येत होता, मांडता येत नव्हता. मी त्याचीच रीत कागदावर ओळीने उतरवून दिली: ७०० गुणिले १०, ७०० गुणिले ८०, आणि खाली बाकी. पुढच्या आठवड्यात तो मुकादमाच्या वहीतला आपल्या आई-बापाचा हिशोब तपासायला लागला. इथे सांभाळून राहा. मुलाला गणित शिकवणं आपलं काम. मुकादमाशी वाद घालणं किंवा उचलीच्या भानगडीत उतरणं संस्थेतल्या अनुभवी माणसांवर सोडा. आपण हंगामानंतर घरी जातो, ती माणसं पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडून उचल घेणार असतात.

शाळेत नाव घालणं

तळावरचा वर्ग ही शाळा नव्हे, हे विसरू नका. मुलाला जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवणं हे तुम्ही शिक्षक म्हणून सगळ्यांत चांगलं करू शकता, कारण तुम्हाला शाळेची भाषा येते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मूल वयानुरूप वर्गात घ्यावं लागतं. कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांना मूळ शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते आईच्या पत्र्याच्या पेटीत असतं का विचारा. नसेल तर मूळ शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावा. "मी अमुक शाळेतली शिक्षिका बोलते, तुमची ही मुलं आमच्याकडे आहेत" एवढं म्हटलं की बहुतेक जण मनापासून मदत करतात. त्यांनाही पटावरची मुलं कुठे गेली याची काळजी असते.

कायदा सांगून शाळेत जाऊ नका. आधी चहा घ्या, वर्गाची अडचण ऐका. मधूनच आलेली आठ मुलं म्हणजे त्या बाईंच्या डोक्यावर आणखी किती काम, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? आमच्या वेळी खरी अडचण रस्त्याची निघाली. तळापासून शाळेपर्यंत उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा रस्ता, आया पाठवायला तयार नाहीत. मग तळावरच्या एका आजोबांनी सकाळी मुलांना नेऊन सोडायचं कबूल केलं. मुलं दुपारी पोषण आहार घेऊन येऊ लागली, आणि माझा वर्ग संध्याकाळी, आया चुलीपाशी असताना, दिव्याच्या उजेडात भरू लागला.

वस्तू वाटू नका. पहिल्या आठवड्यात मैत्रिणींनी जुने कपडे, बिस्किटं, दप्तरं पाठवायची तयारी दाखवली. मी ते सगळं संस्थेकडे वळवलं. वाटणारी बाई झालात की मुलं तुमच्या पिशवीकडे बघतात, पाटीकडे नाही. वाढदिवस साजरे करायला येणाऱ्या पाहुण्यांना वर्गाच्या वेळेत येऊ देऊ नका. आणि आजारी असाल तर निरोप पाठवा. "उद्या येते" म्हणून न येणारी माणसं या मुलांनी भरपूर पाहिली आहेत.

मार्च लागला की एकेक टोळी पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, निघते, कधी रातोरात. म्हणून फेब्रुवारीतच प्रत्येक मुलाची एक पानाची टिपण तयार करा: काय वाचता येतं, किती अंकांची वजाबाकी येते, इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत किती दिवस हजर होतं. एक प्रत मुलाच्या हातात, एक मूळ शाळेला पोस्टाने. कोपी मोडलेली पाहून फार जड वाटतं, त्याची तयारी ठेवा. संस्थेतल्या ताईंशी त्या संध्याकाळी बोला, ते ओझं एकट्याने घरी नेऊ नका.

परत रुजू होताना

रजा संपायच्या महिनाभर आधी रुजू होण्याबद्दल लेखी कळवा. रुजू अहवालावर तारीख आणि पोच घ्या. पहिल्याच महिन्यात सेवापुस्तकात रजेची नोंद झाली का ते स्वतः पाहा, पगाराचं बिल सुरू झालं का ते बघा, पतसंस्था आणि विम्याच्या कपाती पुन्हा सुरू करायला पत्र द्या.

स्टाफरूममध्ये वर्षभराचं वर्णन करत बसू नका. ज्यांनी तुमच्या वाटणीचे तास घेतले त्यांना ते टोचतं. त्यांचे आभार माना आणि त्या वर्षी पर्यवेक्षणाच्या जास्तीच्या पाळ्या घ्या. पोर्टल, तक्ते, ग्रुपवरचे निरोप जसेच्या तसे वाट पाहत असतील, त्यात फरक पडलेला नसतो. मी एवढं केलं की माहिती भरायचं काम आठवड्यातून दोनच ठरलेल्या ऑफ तासांना करते, आणि मुख्याध्यापकांना तसं सांगून ठेवलंय. अगदी तातडीचं सोडून बाकी सगळं त्यात बसतं.

वर्गात दोन गोष्टी बदला, जास्त नको. नववीच्या पहिल्या आठवड्यात मी आता पुस्तक उघडत नाही, घरी कोण काय हिशोब करतं ते मुलांकडून ऐकते. दूध डेअरीचं फॅट, द्राक्षाच्या पेट्या, भिशी, बचत गटाचं व्याज. त्यावरच उदाहरणं बेतते. आणि भागाकार अडणाऱ्यांना त्या मुलाची गठ्ठ्यांची रीत दाखवते, ऊसतोडीला आलेल्या एका मुलाने शिकवली असं सांगूनच.

तळाशी नातं तोडू नका, पण झेपेल तेवढंच ठेवा. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. हंगामात शनिवार दुपार माझी तळावर, आणि नववीतल्या दोन-तीन मुली घरच्यांची परवानगी घेऊन सोबत येतात, गोष्टी वाचून दाखवायला. तुमच्या भागात ऊस नसेल तर वीटभट्ट्या असतील, मेंढपाळांचे वाडे असतील, बांधकामं असतील. यंदा अर्ज करणार असाल तर दिवाळीच्या सुट्टीत एक दुपार काढून तिथे जाऊन बसून या, आणि सेवापुस्तकातली अर्धपगारी रजा मोजायचं काम या आठवड्यातच करा.